टचिंग केलेला चंद्र

कोल्हापूरला जाऊन चंद्राचे फोटो काढून आले असं सांगितलं की पुण्यातला माणूस हमखास विचारतो, चंद्र पुण्यात दिसत नाही का? दिसतो. आमच्या गच्चीवरून तो समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीमागून उगवतो, आणि टाकीच्या वर येईपर्यंत आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं जमलेली असतात. त्यांना चंद्र बघायचा नसतो, मी काय करते आहे ते बघायचं असतं. शिवाय प्रत्येकाकडे एक सल्ला असतो. पुण्याइतका फुकटचा सल्ला दुसरीकडे कुठे मिळत नाही अशी माझी समजूत होती. ती कोल्हापुरात दुरुस्त झाली.

मी एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिशी ओलांडली आहे, लग्न झालेलं नाही, आणि लहानपणी देवी आल्या त्यांचे व्रण दोन्ही गालांवर आणि कपाळावर आहेत. प्रवासवर्णनात ही माहिती कशाला, असं वाटेल. पण ती नसती तर हा प्रवासच झाला नसता. लहानपणी घरी येणाऱ्या बायका माझी समजूत घालताना चंद्राचा दाखला द्यायच्या. त्यालासुद्धा डाग आहेतच की, असं म्हणून माझ्या गालावरून हात फिरवायच्या. चंद्राला कुणी बघायला येत नाही आणि बघून झाल्यावर कळवतो म्हणत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नसे. माझ्या बाबतीत ते फार वेळा झालं. आधी फोटो जायचा, स्टुडिओवाल्याने गुळगुळीत करून दिलेला. फोटो पाहून माणसं आनंदाने यायची, आणि चहा पिताना फोटोतली मुलगी आतून कधी येते म्हणून माझ्या मागे बघत बसायची.

तेव्हापासून मला दोन गोष्टींचा राग आहे, टचिंग केलेल्या फोटोंचा आणि चंद्राच्या दाखल्याचा. माणूस चंद्रावर पाय ठेवून आला तेव्हा मासिकांतून चंद्राचे मोठमोठे फोटो छापून आले, पण ते दुसऱ्यांनी काढलेले. ज्याच्या नावावर माझी आयुष्यभर समजूत घातली गेली, त्याचा चेहरा मला स्वतःच्या हाताने टिपायचा होता, प्रत्येक डाग जागच्या जागी ठेवून. आईने माझ्या पाटल्यांसाठी जपलेलं सोनं मोडून मी मुंबईहून टेलिफोटो लेन्स आणली. हातभर लांब आणि तान्ह्या मुलाएवढी जड. आई बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि अशा वेळी कोल्हापूरहून आत्याचा निरोप आला की, पुनवेला ये, रंकाळ्याच्या पाण्यावर चंद्र बघितला नाहीस तर काय बघितलंस.

आत्याचं घर

आत्या मूळची सदाशिव पेठेतली. लग्न होऊन कोल्हापुरात गेली आणि वर्षभरात अशी काही बदलली की माहेरच्यांना तिचं बोलणं भांडण वाटू लागलं. तिचे यजमान राधानगरीकडे भाताच्या कामाला गेले होते, त्यामुळे घरात तिचंच राज्य होतं. मी पोचले तेव्हा पांढरा रस्सा तयार होता. तो मी पहिल्यांदा प्याले आणि खरंच फार आवडला, पण तसं बोलायची सोय नव्हती. कोल्हापुरात एखाद्या पदार्थाला चांगलं म्हटलं की लगेच पुण्यात असा मिळतो का म्हणून विचारतात, आणि नाही म्हणेपर्यंत सोडत नाहीत. मी नाही म्हटलं. मग मिसळ, गूळ, चप्पल आणि रंकाळ्याचं वारं यांबद्दलही तेच विचारून झालं.

ताट उचलल्यावर आत्याने पदराखालून एक फोटो काढला. मुडशिंगीचं स्थळ, साखर कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर, घरची शेती. फोटोतल्या माणसाच्या डोक्यावर दाट काळे केस होते, मधोमध भांग आणि कपाळ आरशासारखं. मागे स्टुडिओचा शिक्का होता. चंद्राच्या नावाने मला कशासाठी बोलावलं आहे ते तेव्हा कळलं. मी त्याच दुपारच्या गाडीने परत निघाले असते. पण आकाश स्वच्छ होतं, दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, आणि कॅमेरा घेऊन एकटीने संध्याकाळी रंकाळ्यावर जायचं तर आत्याची परवानगी लागणार होती. आम्ही सौदा केला. मी त्याच, तिच्या ओळखीच्या स्टुडिओत एक फोटो काढून घ्यायचा. तिने मला दोन संध्याकाळी मोकळं सोडायचं.

"पण फोटोला टचिंग होता कामा नये," मी म्हटलं. "मी जशी आहे तशी जाईन. ज्याला यायचं तो त्यावर येईल."

"आंबाबाईची शपथ," आत्या म्हणाली.

आत्याच्या शपथा देवीने मोजायच्या सोडून दिल्या असाव्यात.

दस्तगीर मास्तरांचा स्टुडिओ

स्टुडिओच्या दर्शनी काचेत गावातल्या उपवर मुलींचे फोटो मांडून ठेवले होते. सगळ्या जणी एकाच आईच्या पोटी जन्मल्यासारख्या दिसत होत्या. तेच गाल, तीच हनुवटी, तोच उजेड. साड्या वेगळ्या होत्या म्हणून मोजता तरी येत होत्या. आत दस्तगीर मास्तर बसले होते, मेंदी लावलेली दाढी आणि डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. शहरात सिनेमाच्या कंपन्या जोरात होत्या तेव्हा त्यांनी तिथल्या नायिकांचे फोटो टच केले होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. एका नायिकेच्या नाकाची हकीकत त्यांनी मला दोनदा सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे महाराष्ट्र ज्या नाकावर भुलला ते नाक त्यांनी पेन्सिलीने काढलं होतं.

त्यांची कामाची पद्धत साधी होती. निगेटिव्ह एका तिरक्या काचेवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग, जो निगेटिव्हवर फिका दिसतो, भरून टाकायचा. ठशावर, म्हणजे कागदावर छापलेल्या फोटोत, ती जागा पांढरी उमटते. केस हवे असतील तर ते ठशावरच पेन्सिलीने काढायचे. मला खुर्चीत बसवून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे गवंडी गिलावा उडालेल्या भिंतीकडे बघतो तसं बघितलं, आणि आत्याकडे पाहून मान हलवली. ती मान कसली होती ते मला तेव्हा समजलं नाही.

रंकाळा, पहिली संध्याकाळ

उगवता चंद्र पाण्यावर हवा असेल तर रंकाळ्याच्या पश्चिमेच्या काठावर जावं लागतं. समोर पाणी, त्यापलीकडे गावाची घरं, आणि त्यांच्यामागून चंद्र. वाटेत एका चौकात म्हशी उभ्या होत्या. लोक पेले घेऊन त्यांच्याभोवती थांबले होते आणि धार काढली की तिथल्या तिथे, न तापवता, फेसासकट पीत होते. आमच्याकडे दूध तीनदा उतू गेल्याशिवाय पोटात जात नाही. मलाही एकाने पेला पुढे केला. मी नको म्हटल्यावर त्याने माझी तब्येत बरी नाही का म्हणून आस्थेने विचारलं.

काठावर कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करून त्यावर लेन्स चढवायचा अवकाश, माणसं गोळा झाली. पुण्यात लोक गच्चीवरून बघतात, इथे खांद्यावरून बघतात. कोल्हापुरातल्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी सिनेमात मावळा म्हणून काम केलेलं असतं, त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल त्याला सगळं ठाऊक असतं. शूटिंग कुठल्या पिक्चरचं, हा पहिला प्रश्न. दुसरा एका धोतरवाल्या गृहस्थांनी विचारला.

"हिरॉईन कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. मला ते बघणं ओळखीचं होतं. शूटिंग नाही, चंद्राचा फोटो काढायचा आहे, असं मी सांगितलं. गर्दीचा विरस झाला. खरा चंद्र कॅमेऱ्यात चांगला येत नाही, कंपनीत आम्ही पत्रा कापून मागे दिवा लावायचो, असं एकाने समजावलं. दुसऱ्याने काळजीने विचारलं, "बाई, फ्लॅश आणला न्हाय व्हय?"

चंद्राला फ्लॅश. तो उन्हात पडलेला दगड आहे, त्यावर ऊन आहे म्हणून तो आपल्याला दिसतो, आणि माझा दिवा तिथवर पोचणार नाही, हे मी वर्गात सांगते तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक टॉर्च आणून दिला. मी त्यांच्याशी हुज्जत घालत असताना चंद्र घरांच्या वर आला होता. घाईने लेन्सला डोळा लावते तोच पाण्यात बसलेली एक म्हैस उठली, काठावर चढली आणि तिकाटण्याला अंग घासून पुढे गेली. लेन्स मी वरच्यावर झेलली. फोटो एकही मिळाला नाही. म्हशीच्या मालकाने तिकाटणं वाटेत ठेवल्याबद्दल मला सुनावलं.

रंकाळा, पौर्णिमा

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि शहाणपण करून गर्दीतला सगळ्यात आडवा माणूस निवडला. तो तालमीतला पैलवान होता, कालच्या गर्दीतही होता. त्याला म्हटलं, चंद्र वर येईपर्यंत इथे कुणी बोलायचं नाही आणि काठ्यांना कुणी हात लावायचा नाही, हे काम तुमचं. त्याने ते इतकं मनावर घेतलं की लोक खोकायलासुद्धा लांब जाऊन येऊ लागले. तिकाटण्याला त्याने एक दगड बांधून दिला, तो मात्र चांगला उपयोगी पडला.

मग चंद्र आला. आधी दोन छपरांच्या मधून तांबडी कड, मग अर्धा, आणि बघता बघता लेन्समध्ये तो एकटाच. एवढ्या मोठ्या लेन्समधून तो हळूहळू सरकताना दिसतो, सारखं त्याच्या मागे जावं लागतं. त्याच्यावरची काळी मैदानं मी नकाशात पाठ केली होती. ती एकेक करून वर येत होती, कुणापासून काही न लपवता, आणि इतकी सुंदर होती की माझे डोळे भरून आले आणि फोकस साधेना. ज्या बायका मला चंद्राचा दाखला द्यायच्या त्यांनी चंद्राकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. डाग नाहीत ते. ती मैदानं म्हणजेच चंद्र आहे, बाकीची जागा त्यांच्या आजूबाजूला आहे. मी रोल संपेपर्यंत बटण दाबत राहिले.

पुन्हा स्टुडिओ

फोटो नीट आलेत की नाही ते तिथेच बघायचं होतं, कारण आले नसते तर प्रतिपदेचा चंद्र हाताशी होता. म्हणून सकाळीच रोल मास्तरांकडे दिला आणि सगळ्यात चांगल्या निगेटिव्हचा मोठा ठसा काढून ठेवा म्हणून सांगितलं. एवढंच सांगितलं.

दुपारी गेले तर मास्तर दारात उभे. चेहऱ्यावर नायिकेचं नाक काढताना असेल तसला आनंद. टेबलावर दोन फोटो उलटे ठेवले होते. त्यांनी पहिला सुलटा केला.

काळ्या कागदावर एक पांढरीशुभ्र ताटली होती. मैदानं नाहीत, डोंगर नाहीत, काही नाही. निगेटिव्हवर तुरीच्या डाळीएवढा असलेला चंद्र त्यांनी भिंगाखाली धरून, सकाळपासून जेवण बाजूला ठेवून, पेन्सिलीने भरून काढला होता.

"वऱ्हाडाच्या ग्रुपफोटोत तोंडं ह्यापरास ल्हान असत्यात," ते म्हणाले, "पर एवढं काम कुणाला लागलं न्हवतं. ह्याच्या तोंडावर तुमच्यापरास जास्त डाग हुते."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. माणूस स्टुडिओत तोंड घेऊन येतो तो ते आहे तसं ठेवून घ्यायला येत नाही, हे त्यांना उभ्या आयुष्यात दिसलं होतं. तसं ठेवा म्हणणारे फक्त पासपोर्टवाले आणि पोलीस.

"डाग ऱ्हाऊ द्यायचे हुते तर ओळखपत्राचा हाय म्हणून आधी सांगायचं की," ते म्हणाले. "मला काय म्हाईत, चंद्राला कुणी वळखायचं हाय म्हणून."

पेन्सिल पुसता येते हे माझं नशीब. त्यांनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून निगेटिव्हवरून हलकेच फिरवला आणि ती काचेवर धरून दाखवली. मैदानं परत आली होती. मग त्यांनी दुसरा फोटो सुलटा केला. तो माझा होता. गाल, कपाळ, हनुवटी, सगळं काचेतल्या मुलींसारखं. आत्याची शपथ तिथे टेबलावर पडली होती. आणि मास्तरांनी सांगितलं की त्यातली एक प्रत आत्या कालच घेऊन गेली आहे, मुडशिंगीला पाठवायला.

"ह्यो बी पुसू?" त्यांनी विचारलं.

चंद्रासाठी मी एवढी ओरडले होते. स्वतःचा फोटो मात्र मी उचलून उजेडाला धरला. देवी आल्या नसत्या तर मी कशी दिसले असते, ते माझ्यासमोर होतं, आणि मला ते बघत राहावंसं वाटत होतं. राहू द्या म्हटलं आणि फोटो पर्समध्ये घातला.

मुडशिंगीचे पाहुणे

संध्याकाळी पाहुणे आले, म्हणजे फोटोतले गृहस्थ एकटेच आले. डोक्याला टोपी, हातात माझा फोटो असलेलं पाकीट. बसले, पाणी प्याले, आणि उकडतंय म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीखाली टक्कल होतं. कानाच्या वर दोन्ही बाजूंना थोडे केस होते तेवढेच, बाकी सगळा मास्तरांचा हात.

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, आणि मग माझ्या खांद्यावरून आतल्या दाराकडे. मी मागे वळून बघितलं नाही. तिथे कुणी नव्हतं. आत्या उसाच्या भावाबद्दल काहीतरी बोलू लागली. ते म्हणाले, "फोटोत आन परत्यक्षात जरा फरक वाटतोय."

मी आत जाऊन आत्याच्या उशाखालचा त्यांचा फोटो आणला आणि त्यांच्या बशीशेजारी ठेवला, दाट केस वर येतील असा.

"दोन्ही एकाच मास्तरांचे आहेत," मी म्हटलं. "त्यांच्याकडे टर्पेंटाइनचा बोळा आहे. चला, दोघं जाऊ आणि दोन्ही पुसून आणू. मग काय ते बघू."

त्यांनी फोटो उचलून हातात घेतला. मला क्षणभर वाटलं, हा माणूस हसेल. हसला असता तर मी कदाचित त्याच्याबरोबर मुडशिंगीला गेले असते, टकलासकट. पण त्यांनी टोपी घातली.

"पुरुषाचं येगळं असतंय," ते म्हणाले, आणि कळवतो म्हणून गेले.

आत्या रात्री जेवली नाही. माझ्या तोंडाळपणामुळे चांगलं स्थळ गेलं, असं ती भिंतीला सांगत होती. मी पर्समधला फोटो काढून दिव्याखाली धरला. दुपारी जी मला आवडली होती तिच्याकडे पाहून तो माणूस इथवर आला होता, आणि मी तिच्या जागी बसल्याबद्दल नाराज होऊन गेला होता. मला तिचा मत्सर वाटला आणि त्या मत्सराची लाज वाटली.

सकाळी गाडीच्या आधी मी मास्तरांकडे गेले. चंद्राचा नवा ठसा दोरीवर वाळत होता, सगळी मैदानं जागच्या जागी. मी माझी निगेटिव्ह मागितली नाही, बोळा मागितला.

"ओळखपत्राचा हाय," मी म्हटलं.

मास्तरांनी मान हलवली. पुसायला वेळ लागला नाही. ठसा ओला असतानाच त्यांनी तो चंद्राशेजारी चिमट्याला लावला, भिंग लावून आधी फोटोकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि आता वळखू येताय म्हणाले. गुळगुळीत केलेले दोन्ही जुने फोटो, चंद्राचा आणि माझा, मी तिथेच टाकून आले.

पुणे

चंद्राचा फोटो माझ्या प्रयोगशाळेत टांगला आहे. येणारा प्रत्येक जण कॅमेरा कुठला म्हणून विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधी स्वतःच्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला लागतो. मुडशिंगीहून अजून काही कळवलेलं नाही.

मध्यंतरी आत्या पुण्याला आली होती. राग गेला होता, गूळ घेऊन आली होती. मास्तरांनी तो पांढरा चंद्र वाया जाऊ दिला नाही, म्हणाली. काचेत उपवर मुलींच्या मधोमध लावला आहे, टचिंगचा नमुना म्हणून. माझाही जुना फोटो शेजारी लावला होता, पण तो तिने भांडून काढायला लावला. मी विचारलं, का?

"लोक थांबून इचारायला लागले," आत्या म्हणाली, "ही कुठल्या पिक्चरची हिरॉईन म्हणून. माझी भाची हाय म्हटलं तर कुणी ऐकंना."

दुसरा फोटो, ओळखपत्राचा, मी खरोखरच कॉलेजच्या ओळखपत्रावर लावला आहे. फाटकावरचा शिपाई एकदा फोटोकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो, आणि माझ्या मागे कोण आहे ते न बघता मला आत सोडतो.